स्वतःच्या कॉम्प्युटरवर डीएनएस: नागपूरकर पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

घरं, छोटी ऑफिसं आणि अभ्यासिका यांची नेटवर्कं लावून देताना, आणि मग महिनोन्‌महिने फोनवर, जे प्रश्न येत राहतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. कमांडची जंत्री दिलेली नाही. ती सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये मिळते आणि आवृत्तीगणिक बदलते. पत्ते इथे मराठी आकड्यांत आहेत, मशीनवर टाकताना अर्थातच इंग्रजी आकडे टाका.

१. लोकल डीएनएस म्हणजे नेमकं काय? तो माझ्या कॉम्प्युटरवर आधीपासून नसतो का?

ब्राउझरमध्ये आपण नाव लिहितो, पण जोडणी होते ती आयपी पत्त्याशी. नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. पॉल मोकापेट्रिस यांनी ती १९८३ साली मांडली. त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनची नावं एकाच फाइलमध्ये असत आणि ज्याला हवी तो ती फाइल उतरवून घेई. तिची धाकटी बहीण, 'होस्ट्स' नावाची फाइल, आजही तुमच्या विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये बसलेली आहे.

तुमच्या मशीनवर आधीपासून असतो तो फक्त विचारणारा. त्याला स्टब रिझॉल्व्हर म्हणतात. तो प्रश्न राउटरकडे ढकलतो, आणि राउटर तो इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे ढकलतो. लोकल डीएनएस चालवायचा म्हणजे उत्तर शोधणारा आणि लक्षात ठेवणाराही आपल्याच मशीनवर बसवायचा.

२. याने माझं इंटरनेट फास्ट होईल का?

डाउनलोडचा वेग एका पैशानेही वाढत नाही. वाचतो तो नाव शोधण्याचा वेळ, आणि तोही दुसऱ्या वेळेपासून.

हिशेब करून पाहा. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तेवढीच सरळ फायबर धरली, तरी काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन ७ मिलिसेकंद. प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते, मधे यंत्रं लागतात, म्हणून आकडा त्याहून मोठाच येतो. तेच उत्तर स्वतःच्या मशीनच्या कॅशमध्ये (आधीची उत्तरं लक्षात ठेवण्याच्या जागेत) असेल तर वेळ जवळपास शून्य. एका बातम्यांच्या पानामागे डझनावारी नावं विचारली जातात, तिथे थोडा फरक जाणवतो. मात्र पहिल्यांदाच विचारलेलं नाव पूर्ण रिकर्सिव सर्व्हरवर उलट जास्त वेळ घेऊ शकतं (प्रश्न ३ पाहा).

माझं मत विचाराल तर वेगासाठी हा खटाटोप करू नका. ऑफिसातल्या मशीनना नावं द्यायची असतील, जाहिरातींची नावं अडवायची असतील, किंवा 'नेट गेलं' म्हणजे नक्की काय गेलं हे समजून घ्यायचं असेल, तर जरूर करा.

३. फॉरवर्डर ठेवू की पूर्ण रिकर्सिव?

फॉरवर्डर म्हणजे आपला सर्व्हर फक्त कॅश ठेवतो आणि नवा प्रश्न ठरलेल्या मोठ्या सर्व्हरकडे पाठवतो: गुगलचा ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, क्वाड९चा ९.९.९.९, किंवा तुमच्या इंटरनेट कंपनीचा.

रिकर्सिव सर्व्हर मधल्या कोणालाच विचारत नाही. तो थेट रूट सर्व्हरकडे जातो. रूटची नावं १३, 'ए' ते 'एम' अशी; चालवणाऱ्या संस्था १२; आणि एनीकास्टमुळे (एकच पत्ता अनेक ठिकाणच्या मशीनना देण्याची पद्धत) प्रत्येक नावामागे जगभर अनेक मशीन. रूट पूर्ण पत्ता सांगत नाही, '.इन कोणाकडे आहे' तेवढंच सांगतो. '.इन'वाला पुढच्याचं नाव सांगतो. इतवारीच्या गल्ल्यांत पत्ता विचारत जावं तसंच हे: प्रत्येक जण पुढच्या चौकापर्यंतचंच सांगतो, आणि शेवटच्या चौकातला माणूस घर दाखवतो. एकदा रस्ता कळला की '.इन' कोणाकडे हे पुन्हा विचारावं लागत नाही.

एकाच लॅपटॉपपुरतं करायचं असेल तर फॉरवर्डर पुरतो. ऑफिस किंवा अभ्यासिका असेल तर रिकर्सिव ठेवा. कॅश सगळ्यांची मिळून भरते आणि बाहेरच्या एकाच सर्व्हरवर अवलंबून राहावं लागत नाही. एक अट: काही इंटरनेट कंपन्या पोर्ट ५३ वरची (डीएनएसचे प्रश्न ज्या क्रमांकाच्या दारातून जातात तिथली) सगळी वाहतूक स्वतःच्या सर्व्हरकडे वळवतात. तशा जोडणीवर रिकर्सिव नीट चालत नाही. मग एन्क्रिप्टेड फॉरवर्डिंग हाच मार्ग (प्रश्न १२).

४. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

घरासाठी आणि छोट्या ऑफिससाठी डीएनएसमास्क: हलकं, डीएचसीपी (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी सोय) सोबतच, पण ते फक्त फॉरवर्डर आहे. त्याची कॅश मुळात १५० नावांचीच असते, ती वाढवून घ्या. रिकर्सिव हवा असेल तर एनएलनेट लॅब्सचं अनबाउंड. ते विंडोजवरही बसतं. वेब पानावर आलेख बघत जाहिराती अडवायच्या असतील तर पाय-होल किंवा ॲडगार्ड होम.

बाइंड हे सगळ्यांत जुनं आणि सर्वगुणसंपन्न. कॉलेजमध्ये तेच शिकवतात म्हणून पोरं घरीही तेच टाकतात. स्वतःचं डोमेन स्वतः होस्ट करायचं नसेल तर गरज नाही.

आणि नावं द्यायची मशीन दोनच असतील तर यातलं काहीच नको. होस्ट्स फाइलमध्ये दोन ओळी लिहा आणि मोकळे व्हा.

५. इन्स्टॉल केलं, पण 'पत्ता आधीच वापरात आहे' असं म्हणून सर्व्हिस सुरूच होत नाही.

पोर्ट ५३ वर कोणीतरी आधीच बसलं आहे. उबंटूवर तो बहुतेक वेळा सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड (उबंटूची स्वतःची नावं शोधणारी सर्व्हिस) असतो, जो १२७.०.०.५३ या पत्त्यावर ऐकतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये स्टब लिसनर बंद करा, सर्व्हिस पुन्हा सुरू करा, आणि 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' ही फाइल प्रत्यक्षात कुठे बोट दाखवते ते तपासा. ती लिंक असते आणि बदललेलं परत पुसलं जातं. विंडोजवर इंटरनेट शेअरिंग, म्हणजे मोबाइल हॉटस्पॉटची सोय, हेच पोर्ट धरून बसते.

क्रम महत्त्वाचा. नवं पॅकेज आधी उतरवून घ्या, जुनी सर्व्हिस नंतर बंद करा. उलटं केलं तर नावच सापडणार नाही आणि पॅकेजही उतरणार नाही. हा फोन मला नेहमी रात्री अकरानंतरच येतो.

६. बरोबर चालतंय हे कसं ओळखू?

'डिग' कमांडने कोणतंही नाव दोनदा विचारा. उत्तराच्या तळाशी दोन ओळी बघायच्या. 'सर्व्हर' या ओळीत १२७.०.०.१ दिसलं पाहिजे. राउटरचा पत्ता दिसला तर तुमचा सर्व्हर चालू असूनही त्याला कोणी विचारत नाहीये. 'क्वेरी टाइम' पहिल्यांदा दहा-वीस किंवा जास्त मिलिसेकंद आणि दुसऱ्यांदा ० किंवा १ आला की कॅश काम करते आहे.

नुसतं ब्राउझरमध्ये पान उघडून तपासू नका. ब्राउझरची स्वतःची कॅश असते, विंडोजची वेगळी असते. दोन्ही मिळून छान गंडवतात.

७. जुनं मशीन चालेल का? की रास्पबेरी पाय घेऊ?

डीएनएसला ताकद लागत नाही. दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप, ज्याची स्क्रीन फुटली आहे, तो उत्तम. त्यात बॅटरी आहे, म्हणजे यूपीएस फुकटात. बर्डीवर जुना डेस्कटॉपही स्वस्तात मिळतो, पण तो चोवीस तास वीज खातो ते हिशेबात धरा.

रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातावर मावणारा छोटा कॉम्प्युटर, याला वीज नगण्य लागते, पण आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो हे विसरू नका. चिप ८० अंशांच्या आसपास पोहोचली की पाय स्वतःच वेग कमी करतो. म्हणून बंद टीव्ही युनिटच्या कप्प्यात, राउटर आणि सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर तो ठेवू नका. आणि थंड हवा मिळते म्हणून कूलरसमोरही ठेवू नका. ती हवा ओली असते, बोर्डाच्या पिनांवर हिरवट गंज चढतो. पंख्याखाली, भिंतीला टांगून, उघडा ठेवला की उन्हाळा निघतो. लॉग मेमरी कार्डवर सतत लिहू नका, कार्ड लवकर मरतं.

८. ऑफिसमध्ये दहा-पंधरा कॉम्प्युटर आहेत. प्रत्येकावर जाऊन सेटिंग करायचं का?

नाही. सर्व्हरच्या मशीनला स्थिर पत्ता द्या, समजा १९२.१६८.१.१०, आणि राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून तो टाका. राउटर ते बदलू देत नसेल तर राउटरचं डीएचसीपी बंद करून डीएनएसमास्कचं सुरू करा. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवायचे नाहीत.

आता खरी गोची. राउटरमध्ये दोन रकाने असतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्यात 'बॅकअप म्हणून' ८.८.८.८ टाकतो. दुसरा रकाना पहिला बंद पडल्यावरच वापरला जाईल याची कोणतीही हमी नाही. काही यंत्रं आलटून पालटून विचारतात; काही एकदा दुसऱ्याकडे गेली की तिथेच रमतात. मग ऑफिसच्या प्रिंटरचं नाव कधी सापडतं, कधी नाही, आणि अडवलेल्या जाहिराती मधूनच उगवतात. बॅकअप हवा असेल तर तसाच दुसरा सर्व्हर उभा करा. नाहीतर दुसरा रकाना रिकामा ठेवा. राउटर रिकामा ठेवू देत नसेल तर पहिलाच पत्ता पुन्हा भरा.

९. आतल्या मशीनना नावं देताना शेवटी काय लावायचं? मी '.लोकल' लावलंय.

ते काढा. '.लोकल' एमडीएनएससाठी राखीव आहे; प्रिंटर आणि ॲपलची यंत्रं एकमेकांना त्या नावाने थेट हाका मारतात, सर्व्हरला विचारतच नाहीत. घरासाठी 'होम डॉट अर्पा' २०१८पासून राखून ठेवलं आहे. '.इंटर्नल' ही शेपटी डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेने २०२४ साली खासगी वापरासाठी सोडून दिली. ऑफिसला ती शोभते.

मिहानकडच्या कंपन्यांत काम करणारी मंडळी घरी चाचणीसाठी '.डेव्ह' लावतात. ते खरंखुरं डोमेन आहे आणि ब्राउझर त्यावर एचटीटीपीएसची सक्ती करतो, म्हणून साधं पान उघडतच नाही. चाचणीसाठी '.टेस्ट' वापरा.

१०. लाइन जाऊन आली की सगळं सुरू होतं, फक्त नेट नाही. राउटरचे दिवे हिरवे आहेत.

मे-जूनच्या वादळांत हा प्रश्न रोज येतो. कारणं तीन, या क्रमाने तपासा.

पहिलं, राउटर इन्व्हर्टरवर आहे आणि सर्व्हर नाही. म्हणजे राउटर सगळ्यांना '१९२.१६८.१.१०ला विचारा' सांगतोय आणि ते मशीन बंद पडलेलं. बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर आपोआप चालू' असा पर्याय असतो तो लावा, आणि जमलं तर सर्व्हरही इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या.

दुसरं, सर्व्हरला स्थिर पत्ता दिलेलाच नव्हता आणि उठल्यावर त्याला वेगळा मिळाला.

तिसरं गंमतीचं आहे. मशीन चालू, सर्व्हिस चालू, पत्ता बरोबर, तरी प्रत्येक नावाला 'सर्व्हफेल', म्हणजे 'उत्तर देता येत नाही'. अशा वेळी आधी घड्याळ बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेलेला असतो, त्यामुळे लाइन गेली की तारीख काही वर्षं मागे जाते. अनबाउंड डीएनएससेक, म्हणजे उत्तरांवरच्या डिजिटल सह्या, तपासतो, आणि त्यातल्या प्रत्येक सहीला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. घड्याळ मागे, म्हणून सगळ्या सह्या 'अजून सुरूच न झालेल्या'. सर्व्हर प्रामाणिकपणे सगळं नाकारतो. घड्याळ दुरुस्त करणारा प्रोग्राम वेळ कोणाला विचारायची त्या सर्व्हरचं नाव शोधायला जातो, तेच नाव याच डीएनएसकडे येतं, आणि तेही नाकारलं जातं. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात.

सेल बदला, काही रुपयांचं काम आहे. शिवाय वेळेच्या सर्व्हरच्या नावापुरती डीएनएससेकची तपासणी वगळायची सोय अनबाउंडमध्ये आहे, ती लावा. पायवर हा धोका वेगळ्या रूपात येतो: पाय ५च्या आधीच्या मॉडेलमध्ये घड्याळाचा सेलच नाही, ५मध्ये जागा आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते. बंद होताना जतन केलेली वेळ तो उठल्यावर वापरतो, म्हणून तासाभराच्या खंडाने बिघडत नाही. पण दिवाळीला गावी जाऊन आठवड्याने परत आलात तर बिघडू शकतं.

११. सगळं चालतं, एकच साइट उघडत नाही.

'डिग'च्या उत्तरातला स्टेटस बघा. त्यावरून पुढची दिशा ठरते.

'एनएक्सडोमेन' (असं नाव नाही) असेल तर तुमच्याच ब्लॉकलिस्टने नाव अडवलं आहे का बघा. मेसेजमधल्या छोट्या लिंका आणि खरेदीच्या साइटवरून परत आणणाऱ्या लिंका अशा यादीत हमखास सापडतात. यादीत नसेल, आणि साइट नुकतीच सुरू झाली असेल, तर 'असं नाव नाही' हे उत्तरही कॅशमध्ये राहतं. कॅश रिकामी करून पाहा.

'सर्व्हफेल' असेल तर तपासणी बंद ठेवून तोच प्रश्न विचारा. 'डिग'मध्ये त्यासाठी पर्याय आहे. तेव्हा उत्तर आलं तर त्या साइटवाल्यांची डीएनएससेक सही चुकली आहे. दोष तुमचा नाही. त्या एका डोमेनपुरती सूट द्या, सगळी तपासणी बंद करू नका. मात्र सगळीच नावं अशी अडकत असतील तर प्रश्न १०.

स्टेटस ठीक पण उत्तर रिकामं, असंही होतं. काही कंपन्यांची आतली सॉफ्टवेअर बाहेरच्या डोमेनवरून १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता देतात. बाहेरून आलेला आतला पत्ता हे हल्ल्याचं लक्षण असू शकतं, म्हणून तसं संरक्षण लावलेला सर्व्हर तो गाळून टाकतो. त्या डोमेनला अपवाद करा.

१२. आता मी काय बघतो ते कंपनीला दिसणार नाही ना?

दिसेल. रिकर्सिव सर्व्हरचे प्रश्न पोर्ट ५३ वरून उघडेच जातात. डीएनएस ओव्हर टीएलएस, म्हणजे पोर्ट ८५३ वरून, एखाद्या मोठ्या सर्व्हरकडे फॉरवर्ड केलं तर कंपनीला प्रश्न दिसत नाहीत, पण त्या मोठ्या सर्व्हरला सगळे दिसतात. कोणावर विश्वास ठेवायचा एवढंच तुम्ही ठरवता. शिवाय नाव सापडल्यावर ब्राउझर जोडणी करतो, तेव्हा साइटचं नाव बहुतेक वेळा उघडच पाठवतो.

याच कारणाने, सरकारी आदेशाने बंद केलेली साइट डीएनएस बदलून उघडेल अशी अपेक्षाही ठेवू नका.

१३. फोनवर जाहिराती तशाच दिसतात. लॅपटॉपवर गेल्या.

अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' बघा. तिथे एखाद्या सेवेचं नाव भरलेलं असेल तर फोन तुमच्या सर्व्हरला विचारतच नाही. ब्राउझरमध्येही 'सुरक्षित डीएनएस' वेगळा असतो.

दोन्ही बंद असूनही तसंच असेल तर आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे आयपी पत्ते, तपासा. तुम्ही राउटरमध्ये आयपीव्ही४चा पत्ता बदललात, पण राउटर आयपीव्ही६वरून स्वतःचाच डीएनएस वाटत राहतो, आणि फोन तो उचलतात. तिथेही बदला, किंवा ते वाटप बंद करा. आणि व्हिडिओच्या आत येणाऱ्या जाहिराती व्हिडिओच्याच नावावरून येत असतील तर त्या यातल्या कशानेच जाणार नाहीत.

१४. बाहेरूनही वापरता यावा म्हणून पोर्ट ५३ उघडू का?

नको. उघडा रिकर्सिव सर्व्हर सापडला की लोक त्याचा हत्यारासारखा वापर करतात: खोट्या पत्त्यावरून छोटा प्रश्न, आणि भलंमोठं उत्तर तिसऱ्याच्याच डोक्यावर. तुमची लाइन तुंबते ती वेगळी. अनबाउंडमध्ये 'ॲक्सेस कंट्रोल'च्या ओळीत फक्त आतलं नेटवर्क ठेवा. बाहेरून हवाच असेल तर वायरगार्डने (व्हीपीएन) घरात शिरा आणि मग विचारा.

१५. लॅपटॉपवर १२७.०.०.१ आहे. स्टेशनवर, विमानतळावर वायफायचं लॉगिन पान येत नाही.

अशी वायफाय लॉगिन होईपर्यंत तुमच्या प्रश्नांना मुद्दाम स्वतःचं उत्तर देतात, तेच लॉगिनचं पान. तुमचा सर्व्हर ते खोटं उत्तर नाकारतो. त्या जोडणीपुरता डीएनएस 'आपोआप'वर ठेवा, लॉगिन करा, मग परत फिरवा. फिरत्या लॅपटॉपवर लोकल डीएनएस ठेवण्यापेक्षा तो घरच्या पेटीवर ठेवणं बरं, असं मी म्हणतो ते यामुळेच.

१६. आमचं डोमेन देवनागरीत आहे, '.भारत'वालं. ते आतल्या यादीत कसं लिहू?

जसंच्या तसं नाही. डीएनएस देवनागरी नाव प्युनिकोड नावाच्या रोमन रूपात साठवतो. त्याची सुरुवात 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी होते. ब्राउझर हे रूपांतर आपोआप करतो, कॉन्फिग फाइल करत नाही. म्हणून यादीत प्युनिकोड रूपच टाका.

नाव दिसायला बरोबर असून सापडत नसेल तर जोडाक्षर तपासा. 'ऱ्य' हे अक्षर दोन पद्धतींनी टंकता येतं, त्यातल्या एकीत न दिसणारं जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखीच, डीएनएसच्या लेखी वेगळी.

१७. मी बाहेरगावी असताना बंद पडलं तर घरचे काय करतील?

राउटरवर चिठ्ठी चिकटवून ठेवा: राउटरच्या पानाचा पत्ता, पासवर्ड कुठे आहे ते, आणि 'डीएचसीपीमधला डीएनएस रकाना आपोआपवर करा, मग फोनचं वायफाय बंद-चालू करा'. जायच्या आधी एकदा आईला किंवा बायकोला ते स्वतःच्या हाताने करायला लावा. राउटर ऐवजी सर्व्हरच डीएचसीपी देत असेल (प्रश्न ८) तर चिठ्ठीत आधी 'राउटरचं डीएचसीपी चालू करा' ही ओळ हवी, कारण तेव्हा फोनला पत्ताच मिळत नसतो.